दोन्ही बाजूंनी सारखे

आमच्या घरी एकच मोटार आहे आणि ती एकवीस वर्षांची आहे. वडिलांनी २००३ साली ही वॅगन आर घेतली, त्याआधीच त्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेले होते. त्यांच्या कपाटातील एका लहान वहीत घर, शेती, सोने, धान्य, वस्त्रे अशा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे मर्यादा लिहिलेली होती. ‘वाहन’ या ओळीपुढे ‘एक’ एवढाच शब्द होता. वडील गेल्यावर ती वही माझ्याकडे आली, व्रत मी आपणहून घेतले आणि मोटारही माझ्याकडेच राहिली. पंधरा वर्षे झाल्यावर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले, पुढे पाच वर्षांनी पुन्हा केले. सांगलीच्या मार्केट यार्डातील व्यापारी मित्र थट्टा करीत, “अण्णा, हळदीत एवढं मिळवलंत, आता तरी नवी गाडी घ्या.” मी वहीचा दाखला देई. त्या दाखल्यात व्रताइतकाच अभिमानही मिसळलेला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

गेल्या वर्षभरात मोटारीच्या पुढच्या अंगाने एक आवाज येऊ लागला होता. गतिरोधकावरून उतरताना खालून ‘धप्प’ असे काही आपटे. एखाद्या खड्ड्यातून चाक गेले की पूर्वी एकदा हलून स्थिर होणारी मोटार आता दोन-तीन वेळा डुलत राही. ब्रेक लावला की तिचे नाक जास्तच खाली झुके. पण हे एका दिवसात झालेले नव्हते, म्हणून मला ते जाणवलेच नाही. चालवणाऱ्याचे हात वाहनाच्या दोषाशी हळूहळू जुळवून घेतात. तो वेग थोडा कमी करतो, खड्डा लांबूनच टाळतो आणि ‘जुनी झाली आहे, चालायचेच’ असे म्हणून पुढे जातो. दोष वाढत जातो तसतशी सवयही वाढत जाते.

ज्यांना सोसावे लागत होते, त्या बोलत नव्हत्या. आमची आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या कमरेचे दुखणे जुने आहे. ती मागच्या आसनावर वाकळेची घडी घालून तीवर बसे. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी तिचा हात पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरी, हे मी आरशात कितीदा तरी पाहिले असेल. पण पाहणे वेगळे आणि त्याचा अर्थ लावणे वेगळे. अर्थ लावला तो माझ्या मुलाने. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो आणि गणपतीच्या सुट्टीला घरी आला होता. आजीला बस्तीतून घरी आणताना तो एकदाच माझ्या शेजारी बसला आणि उतरताच म्हणाला, “बाबा, आजीला यात बसवताच कसं? पुढचे शॉकअप पार गेलेत.”

त्याने लगेच दाखवूनही दिले. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन मोटार खाली दाबली आणि सोडली. चांगल्या मोटारीने वर येऊन स्थिर व्हावे. आमची वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मग त्याने चाकाच्या आत बॅटरीचा उजेड टाकला. स्ट्रटची नळी तेलाने ओली झाली होती आणि त्या तेलावर धुळीचा काळा थर बसला होता. शेवटी त्याने माझा हात धरून टायरवरून फिरवला. रबर सारखे झिजलेले नव्हते. हाताला ठिकठिकाणी उंच-सखल लागत होते. म्हणजे चाक रस्त्यावर टेकून चालत नव्हते, ते उड्या मारीत चालले होते, आणि जे चाक जमिनीला धरून राहत नाही त्याचा ब्रेकही वेळेवर लागत नाही.

हा स्ट्रट म्हणजे काय, हे मी एवढी वर्षे मोटार चालवूनही कधी विचारले नव्हते. पार्ट्सच्या दुकानात त्याला स्ट्रट म्हणतात, मेकॅनिक शॉकअप म्हणतो. मोटारीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा खांब असतो. त्याभोवती जाड स्प्रिंग असते आणि खांबाच्या आत तेलाने भरलेली नळी असते. या रचनेला अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याचे नाव मिळाले आहे. १९५० साली इंग्लंडमध्ये दाखवलेल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या मोटारींना ती होती, आणि आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही तीच होती. मोटारीचे वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि धक्का वर येऊ देत नाही. पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की घेतलेले ती परत करते. दबली तेवढी उसळते, उसळली की पुन्हा दबते. तिला एकटीला सोडले तर एका खड्ड्याचा हिशेब ती कितीतरी वेळ चालू ठेवील. तो हिशेब मिटवण्याचे काम नळीतील तेलाचे. आत एक दट्ट्या वरखाली होतो, तेलाला त्याच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत उसळीची सारी शक्ती उष्णता होऊन हवेत निघून जाते. खराब रस्त्यावरून लांबचा प्रवास करून आल्यावर ही नळी हाताला गरम लागते, ती यामुळेच. तेल गळून गेले, झडपा झिजल्या, की स्प्रिंग तेवढी उरते.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने हात जोडले. गौरी-गणपती होईपर्यंत नवीन काम हाती घेता येणार नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, त्यानंतरच्या पंचमीपासून दशलक्षण पर्व. पर्वाचे दहाही दिवस आईला सकाळी अभिषेकाला बस्तीत जायचे होते, आणि पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी बाहुबलीला न्या, असे तिने श्रावणातच सांगून ठेवले होते. मुलगा म्हणाला, “घरीच करू. चतुर्थीला यार्ड बंद, तुम्ही मोकळे, मी मोकळा.” मला भीती वाटली, पण त्याचा उत्साह मोडवला नाही. त्याने संध्याकाळीच चाकांमागच्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले आणि सामान आणायला स्कूटर काढली.

तासाभराने तो दोन लांबट खोकी घेऊन परतला. मी सहज विचारले, “कुणाकडून आणलेस?”

तो क्षणभर थांबला. “काकांच्या दुकानातून.”

माझा धाकटा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. त्या दुकानाची पायरी मी आठ वर्षे चढलेलो नव्हतो.

आपल्या व्यापारी घरांतून वाटण्या होतात, त्यात नवल नाही. आमचीही झाली. वडिलांना जाऊन वर्ष झाले होते. पेढी, गोदाम, घर, सारे नीट मांडून, चार वडीलधाऱ्यांसमोर झाले. कोणी आवाज चढवला नाही. बाहेरून पाहणाऱ्याने नमुना म्हणून दाखवावी अशी वाटणी होती. जमाखर्च मी लिहिला होता, आणि जमाखर्चात माझा हात कोणी धरू शकत नाही, अशी माझी ख्याती होती. त्यात एक ओळ होती. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मिरजेच्या इस्पितळात धाकटा दोन महिने त्यांच्या उशाशी राहिला. त्याचे दुकान त्या काळात बंद होते. त्या दोन महिन्यांत त्याच्या घरखर्चाला पेढीतून ३८,००० रुपये गेले होते. वाटणीच्या वेळी मी ते त्याच्या नावे टाकले. पैसे पेढीचे, खर्च त्याच्या घरचा. नियमाने नोंद चोख होती. त्याने ती ओळ वाचली, बोट क्षणभर तिच्यावर ठेवले आणि सही केली. त्यानंतर तो आमच्या घरी आला तो आईला भेटायला, आणि मी यार्डात असताना. मीही ‘त्याला कळेल तेव्हा येईल’ असे म्हणून बसलो. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकते म्हणतात. मनात तोंड बंद करून ठेवलेली गोष्ट तिच्याहून जास्त टिकते.

“पैसे दिलेस?” मी मुलाला विचारले.

“घेतले नाहीत. म्हणाले, आधी काम होऊ दे. आणि बाबा,” तो थोडा चाचरला, “त्यांनी विचारलं, स्प्रिंग कशानं दाबणार? मी म्हटलं, जाड तारेनं बांधून घेऊ, व्हिडिओत तसंच बघितलंय. तर एवढंच म्हणाले, स्प्रिंगला हात लावायचा नाही. उद्या सकाळी मी येतो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण मोटारीचे नव्हते.

सकाळी नऊच्या सुमारास तो आला. स्कूटरच्या पायाशी लोखंडी पेटी, पाठीवर पिशवी. आईच्या पाया पडला, माझ्याकडे पाहून “अण्णा” एवढेच म्हणाला आणि बाह्या सारून अंगणात उतरला. मीही जुने धोतर आवरून त्याच्या मागे गेलो. पावसाची उघडीप होती. शहाबादी फरशीवर जिथे जॅक टेकवायचा, नेमक्या तिथूनच मुंग्यांची एक लांब रांग चालली होती. आई सोप्यातून पाहत होती. ती म्हणाली, “गाडी दोन हात पुढं घ्या.” आम्ही मोटार पुढे ढकलली. आईने उठून मऊ फडक्याने जागा हलकेच झाडून दिली. साधूंना सांगितलेल्या ईर्या समितीत पाऊल टाकण्याआधी जमीन पाहणे येते, आणि आदान-निक्षेपण समितीत वस्तू उचलताना व ठेवताना जपणे येते. गृहस्थाला ते पूर्णपणे कुठून साधणार? पण त्या दिवशी धाकट्याने प्रत्येक पाना उचलताना आणि ठेवताना पाहून ठेवला, एका कापडावर ओळीने मांडला. वडील दुकानातील वजने अशीच मांडत असत.

काम कसे झाले ते थोडे तपशिलाने सांगतो. कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगडांचा अडसर लावला. पुढच्या चाकांचे नट मोटार जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, कारण चाक हवेत गेल्यावर ते पान्याबरोबर फिरू लागते. मग जॅकने मोटार उचलून तिच्याखाली दोन लोखंडी घोड्या दिल्या आणि भार त्यांच्यावर घेतला. धाकटा मुलाला म्हणाला, “जॅक उचलायसाठी असतो, धरून ठेवायसाठी नाही. नुसत्या जॅकवर कधी आत हात घालायचा नाही.” चाक निघाल्यावर स्ट्रट समोर दिसला: एकवीस वर्षांचा चिखल, गंज, आणि खालपर्यंत ओघळलेले तेल.

स्ट्रट खालच्या बाजूला चाकाच्या नकलला दोन मोठ्या बोल्टांनी धरलेला असतो आणि वरच्या बाजूला बॉनेटखाली माउंटिंगच्या नटांनी. त्याने आधी ब्रेकच्या रबरी पाइपची पट्टी स्ट्रटवरून सोडवली. मग माझ्या सुनबाईंकडून नखांचा रंग मागून घेतला आणि खालच्या बोल्टांच्या डोक्याभोवती खुणा केल्या. या भोकांत किंचित मोकळीक असते, चाकाचा उभा कल त्यावर ठरतो; जुनी जागा खुणेने ओळखता आली तर जोडणी फार बिघडत नाही. नकल एका दोरीने वर बांधून ठेवली, म्हणजे ती बाहेर कलंडून ब्रेकच्या पाइपला ताण बसू नये आणि आतला ड्राइव्हशाफ्ट ओढला जाऊ नये. एक बोल्ट सुटला. दुसरा सुटेना. पान्यावर लांब नळी चढवून आम्ही दोघांनी मिळून ती धरली. आठ वर्षांनी आमचे हात एकाच वस्तूवर होते. “झटका नको, अण्णा. सावकाश दाब ठेवा,” तो म्हणाला. कर्रर्र आवाज झाला आणि बोल्ट फिरला.

स्ट्रट बाहेर काढून फरशीवर आडवा ठेवला, तेव्हा तो मुलाला जवळ बोलावून म्हणाला, “आता बघ, तारेनं का नाही.” मोटारीखाली नसतानाही ती स्प्रिंग दबलेलीच असते, वरच्या एका नटाने तिला कोंडून ठेवलेले असते. तो नट तसाच काढला, किंवा बांधलेली तार तुटली, तर स्प्रिंग आणि वरची लोखंडी टोपी ज्या वेगाने उडते, त्यापुढे माणसाचा हात, जबडा, डोळा काही टिकत नाही. त्याच्या दुकानात येणाऱ्या एका कारागिराच्या हाताची दोन बोटे अशीच गेली होती. पेटीतून त्याने स्प्रिंग कंप्रेसरची जोडी काढली. लांब आट्यांचे दोन जाड स्क्रू, दोन्ही टोकांना आकडे. ते स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावले. मग एका बाजूला दोन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन फेरे. पुन्हा इकडे दोन, तिकडे दोन. एक पाना त्याच्या हातात, दुसरा माझ्या. मी घाईने एक फेरा जास्त दिला, तशी स्प्रिंग धनुष्यासारखी वाकू लागली.

“थांबा,” तो म्हणाला. “एकाच बाजूनं आवळलं की ती निसटते. दोन्ही बाजूंनी सारखं.”

तो स्प्रिंगविषयीच बोलत होता. त्याचे डोळे आट्यांवर होते आणि कपाळावर घाम होता. पण मला ऐकू आले ते दुसरेच. त्या वाटणीच्या वहीत एक बाजू मी चोख आवळली होती. त्याच्या नावे ३८,००० लिहिले होते. त्याच्या जमेच्या बाजूला वडिलांच्या उशाशी काढलेल्या साठ रात्री मी कुठे लिहिल्या होत्या? दुकान बंद राहिले तो तोटा कुठे होता? त्याच दोन महिन्यांत माझे दुकान चालू होते, कारण तो तिकडे होता. हिशेबाची एकच बाजू लिहून मी ‘मेळ बसला’ असे म्हटले होते.

मी एक फेरा मागे घेतला.

स्प्रिंग टोप्यांपासून सुटी होऊन हलू लागल्यावर त्याने दांडा धरून वरचा नट काढला. वरच्या माउंटिंगचे रबर तडकले होते आणि त्यातील बेअरिंग हाताने फिरवताना अडखळत होते. तीही त्याने बदलली. रबरी ठोकळा, ज्याला बंप स्टॉपर म्हणतात, तो तर हातात चुरा होऊन आला. तो ‘धप्प’ आवाज त्याचाच होता: धक्का मुरवायला तेल नाही, उशी द्यायला रबर नाही, म्हणून लोखंडावर लोखंड आपटत होते.

मग त्याने जुना आणि नवा स्ट्रट शेजारी उभे केले आणि मुलाला दोन्ही दांडे आत दाबायला सांगितले. जुन्याचा दांडा सहज आत गेला आणि तिथेच मेल्यासारखा पडून राहिला. नव्याला जोर लावावा लागला, आणि सोडल्यावर तो संथपणे, धसमुसळेपणा न करता, आपल्या जागी वर आला. बसवण्याआधी नवा स्ट्रट उभा धरून असा चार-पाच वेळा वरखाली करायचा, म्हणजे आतली हवा बाजूला होऊन तेल जागेवर येते. दांड्याला पक्कड लावायची नाही, कारण त्यावर एक ओरखडा पडला तरी वरचे सील कापले जाते आणि तेल गळू लागते. स्प्रिंगचे टोक खालच्या बशीतील पायरीला टेकले आहे ना, हे बोटाने चाचपून पाहिले, आणि मग कंप्रेसर पुन्हा तसेच, इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे, सैल केले.

एक बाजू झाली तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलाने दुसरीकडे पाहून विचारले, “काका, हा फारसा ओला नाही. हा राहू दे का?” धाकटा म्हणाला, “जोडीनंच बदलायचे. एक नवा, एक झिजलेला ठेवलास तर एकाच खड्ड्यात दोन बाजू दोन तऱ्हेनं वागतील. ब्रेक मारताना गाडी कुठं जाईल सांगता यायचं नाही.” दुसरी बाजू मुलाने केली, धाकटा शेजारी उकिडवा बसून नुसते पाहत राहिला. सारे बोल्ट खुणांवर आणून टॉर्कच्या पान्याने घट्ट केले, ब्रेकचे पाइप पुन्हा पट्टीत बसवले, चाकांचे नट समोरासमोर या क्रमाने आवळले. जुन्या नळ्यांतील गळके तेल जमिनीवर सांडू नये म्हणून त्या दोन्ही टोकांना प्लास्टिक बांधून त्याने आपल्या पिशवीत ठेवल्या. भंगारवाल्याला सांगून देईन, म्हणाला.

सूर्यास्ताला अजून वेळ होता. आई म्हणाली, “चला, बघू तर.” मी चालवायला बसलो, तो शेजारी, आई मागे. घरापासून पहिला गतिरोधक चारशे पावलांवर आहे. मी आरशात पाहिले. सवयीने आईचा हात पुढच्या आसनाकडे आला. मोटार चढली, उतरली आणि स्थिर झाली. दुसऱ्या गतिरोधकाला तो हात मांडीवरच राहिला. आई एवढेच म्हणाली, “आवाज गेला.”

परतल्यावर अंगणातील नळाशी आम्ही हात धूत होतो. मी म्हणालो, “ते ३८ हजार मी तुझ्या नावे टाकले ते...” पुढचे शब्द मला सुचेनात. हजारोंचे सौदे तोंडी करणारा माणूस मी. त्या वेळी एक वाक्य पुरे करता आले नाही. तो ग्रीस खरवडत राहिला. मग साबण माझ्याकडे सरकवून म्हणाला, “आधी हात धुवा, अण्णा.” आमच्याकडे जेवायला मात्र थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पंचमी, दशलक्षणातील पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. प्रवचन ऐकून घरी आल्यावर मी वाटणीची वही काढली. ती ओळ लाल शाईने उलटी केली. सामानाचे पैसे, ३८,००० रुपये मुद्दल आणि आठ वर्षांचे व्याज, अशी तीन वेगळी पाकिटे करून मुलाकडे दिली. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पाकीट होते.

“काका म्हणाले, सामानाचे पैसे दुकानाचे, ते घेतो. मुद्दल अण्णांचं चुकलं होतं, तेही घेतो. व्याज घेतलं तर माझं चुकेल.”

मी ते पाकीट बराच वेळ हातात धरून बसलो. वडिलांचे बोलणे असेच असे.

क्षमावाणीच्या दिवशी आईला घेऊन आम्ही बाहुबलीला गेलो. जयसिंगपूर ओलांडून हातकणंगल्याकडे जाणारा रस्ता पावसाने बराच उखडला होता, पण आईने वाकळ घरीच ठेवली होती. धाकटा शेजारी बसला होता. दरवर्षी त्या दिवशी सकाळी मी एक संदेश लिहून सगळ्या गिऱ्हाइकांना, अडत्यांना, सोयऱ्यांना एकदम पाठवीत असे: कळत-नकळत काही चुकले असल्यास क्षमा असावी. तो संदेश शेकडो जणांना जाई. ज्याचे खरोखर चुकवले होते, तो त्या यादीत आठ वर्षे नव्हता.

बाहुबलीच्या त्या २८ फुटी मूर्तीसमोर, जिची प्रतिष्ठापना १९६३ साली झाली, मी लहानपणापासून उभा राहत आलो आहे. भरत-बाहुबलींची कथा आपल्या घरातील मुलांना सांगावी लागत नाही, ती त्यांना ठाऊकच असते. युद्ध, उगारलेला हात, विरक्ती, देहावर चढलेल्या वेली, सारे मला तोंडपाठ होते. पण त्या कथेच्या शेवटी भरत, जो थोरला होता आणि चक्रवर्ती होता, तो आपण होऊन धाकट्याकडे आला आणि त्याच्यापुढे नमला, याकडे माझे लक्ष इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. मी थोरला असल्यामुळे ‘तो येईल’ अशी वाट पाहत राहिलो होतो. आणि तरीही आला तोच, कारण त्याला पुतण्याच्या हातांची काळजी वाटली.

मी त्याच्यासमोर हात जोडले आणि या वेळी वाक्य पुरे केले. तो काही बोलला नाही. त्याने माझे जोडलेले हात धरून खाली केले आणि आईला आधार द्यायला वळला.

सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. स्ट्रट बदलल्यावर मोटार किंचित डावीकडे ओढत होती, खुणांवर बोल्ट बसवूनही. पुढच्या आठवड्यात अलाइनमेंट करून घ्यावी लागली. नवे भाग बसवले म्हणजे चाके आपोआप सरळ चालतात असे नाही, ती मोजून जुळवावी लागतात. घरातील बायकांची बोलणी अजून मोजकीच आहेत. धाकटा सणाला जेवायला आला, पण हात राखून जेवला. मी घाई करीत नाही. इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे, एवढे मात्र लक्षात ठेवले आहे.